कडूबाचा फुलबॅक

आमच्या गावाची पाण्याची टाकी माझ्या घराला लागून आहे. चौतीस वर्षं मास्तरकी करून मी घरी बसलो तेव्हा मला शेजार मिळाला तो वॉलमनचा. वॉलमन म्हणजे नळाचे वॉल्व्ह खोलणारा माणूस. त्याचं नाव कडूबा. आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत म्हणून आईनं हे नाव ठेवलं, की देवानंही उचलताना विचार करावा. नाव कडू पण माणूस गुळासारखा, असं गावात म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. कडूबा हट्टी आहे, आणि हट्टी माणूस गोड बोलला की जास्त त्रास होतो.

गाव वाटूर फाट्यापासून पाच किलोमीटरवर. पाणी सकाळी सुटतं, चार भागांना, एकेका भागाला पाऊण तास. एक वॉल्व्ह खोलला की पुढचा खोलेपर्यंत करायचं काय, हा प्रश्न कडूबापुढे वीस वर्षं होता. तेव्हा तो माझ्या ओट्यावर बसून तंबाखू मळायचा. तीन वर्षांपूर्वी तंबाखू सुटली आणि तिच्या जागी फुटबॉल आला. खरा फुटबॉल त्यानं जन्मात पायानं हाणलेला नाही. आमच्याकडे व्हॉलीबॉल आणि कबड्डी. हा फुटबॉल कॉम्प्युटरमधला, आणि त्यातही आपण खेळायचं नसतं. आपण क्लबचे मॅनेजर. कोण कुठं उभा राहील, कोण पळेल, कोण थांबेल एवढं ठरवून द्यायचं आणि मग बसून बघायचं. जिंकलो तर नाव, हरलो तर बोलणी. सरपंचाचंच काम म्हणा, फक्त दारोदार मतं मागत फिरावं लागत नाही.

खेळ आणला धाकट्या लेकीनं, आकांक्षानं. जालन्याला पॉलिटेक्निकला असताना तिच्याकडे लॅपटॉप होता. पुण्यात नोकरी लागल्यावर कंपनीनं नवा दिला आणि जुना बापाकडे आला. त्याचा टचपॅड बंद, म्हणून माउस जोडलेला, आणि बॅटरी मेलेली, त्यामुळे तो कायम वायरीला लावून ठेवावा लागे, आणि टाकीजवळ प्लग होता तो फक्त माझ्या ओट्यावर. हे सगळं मला ठाऊक आहे ते त्या प्लगमुळे. फुटबॉल कळून घ्यायची मला हौस नव्हती. पण रोज सकाळी तीन तास आपल्या ओट्यावरून कोणी इंग्लंडातला चौथ्या दर्जाचा क्लब चालवत असेल, तर माणूस किती दिवस पेपरात तोंड घालून बसणार?

कडूबाची पंचक्रोशीतली ओळख मात्र पंगतीची. कुणाचंही लग्न असो, वाढपी उभे करायचे ते त्यानंच. वरणाच्या बादल्या कुणाकडे, पुऱ्या कुणाकडे, बुंदी कधी फिरवायची, सगळं त्याच्या बोटावर. आणि स्वतःसाठी तो एकच रांग राखून ठेवी, कनातीला लागून असलेली कडेची. त्या रांगेला उशिरा आलेले, लांबून चालत आलेले, कुणी हाताला धरून न बसवलेले लोक बसतात, आणि भट्टीपासून निघालेली बादली तिथं पोचेस्तोवर रिकामी होते. कडूबाच्या हयातीत त्या रांगेतला माणूस अर्धपोटी उठलेला नाही. "कडेच्या माणसानं कड सोडायची न्हाई," हा त्याचा मंत्र. चांगला आहे. पण याच मंत्रानं त्यानं स्वतःच्या घरात एक वाईट काम करून ठेवलं होतं.

थोरल्या लेकीचं, शालूचं लग्न झालं त्याला नऊ वर्षं होतील. ती दिली अंकुशनगरला. जावयाचं नाव भारत, तो तिथल्या साखर कारखान्यात कामाला. त्याचे सोबती ड्यूटी सुटल्यावर निघाले, म्हणून जेवायला बसले ते साडेचारला. आमच्याकडे रीत अशी की व्याह्याकडच्या माणसांना गोडाचा पहिला घास नवरीच्या बापानं स्वतः वाढायचा. कडूबा बुंदीची बादली घेऊन कडेच्या रांगेत शिरला. तिकडे दिवस कलायला लागला म्हणून वऱ्हाडानं घाई केली. शालू सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, बाप सापडेना. जीप हलली तरी ती खिडकीतून मान बाहेर काढून कनातीकडे बघत होती. कडूबा बादलीसकट पळत आला तोवर जीप डांबरी रस्त्याला लागली होती.

शालू यावरून कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती माहेरी येते, बापाशी नीट बोलते, त्याच्या गुडघ्याचं औषधही आणते. फक्त जेवताना बाप काही वाढायला वाकला की ताटावर हात आडवा धरते. "असू द्या बाबा, मी घेते." नऊ वर्षं झाली. कडूबाची बायको उषाबाई हे बघून दर वेळी उठून स्वयंपाकघरात जाते.

आता खेळाकडे येतो. कडूबाच्या क्लबात दोन नंबरचा एक गोरा पोरगा होता, उजव्या कडेचा फुलबॅक. फुलबॅक म्हणजे मागच्या फळीतला कडेचा राखणदार. आकांक्षा फोनवर त्याची माहिती वाचून म्हणाली, "बाबा, हा पळायला मठ्ठ आहे, पण पास बघा त्याचा किती साफ. याला कडेला काय झिजवून राह्यले? आत घ्या." आजकाल म्हणे मोठमोठे क्लब असंच करतात. आपल्या टीमकडे बॉल आला की फुलबॅकनं कडेनं पळायचं नाही, आत मधल्या फळीत येऊन उभं राहायचं. मधे आपला एक माणूस वाढतो आणि खेळ आपल्या हातात राहतो. त्याला उलटा फुलबॅक म्हणतात. कडूबानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अन् कड कोण बघंल?"

तरी लेकीचा शब्द म्हणून त्यानं करून पाहिलं. दोन नंबर आत गेला, मोकळ्या कडेनं समोरचा गडी पळाला, गोल. कडूबानं ताबडतोब दोन नंबरला जागेवर आणलं. पुढच्या मॅचलाही तेच. महिनाभर हा खेळ चालला: गोल झाला की पोरगा कडेला, दुसऱ्या दिवशी परत आत, परत गोल, परत कडेला. त्या पोराला जीव असता तर तो राजीनामा देऊन गेला असता.

माघात आकांक्षाचं जमलं. मुलगा पुण्यातच नोकरीला, घर घनसावंगी तालुक्यातलं. सुपारी फुटल्यावर दोन दिवसांनी ती बापाला शोधत माझ्या ओट्यावर आली.

"बाबा, माझ्या लग्नात तुम्ही वाढणार न्हाई. मंगलाष्टकाला माझ्यापाशी, अन् निघताना बी माझ्यापाशी."

"बराबर," कडूबा म्हणाला. नजर मॅचवर.

"बराबर न्हाई. ताईला बी तुम्ही बराबरच म्हणल्ते."

तेवढ्यात लॅपटॉपमध्ये गोल बसला, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याचा हात माउसकडे गेला आणि दोन नंबर कडेला आला. आकांक्षा हसली, पण डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं.

"बघा गुरुजी. खोट्या खेळात यांना कड सोडवत न्हाई, खऱ्या लग्नात काय सोडणार? बाबा, याला पुरी मॅच आत ठेवा अन् जिंकून दाखवा. लगातार तीन मॅच. मंग मी मानते तुमचं बराबर."

पोरगी गंमत करत होती, पण अर्धीच. कडूबानं मात्र ती पूर्ण मनावर घेतली. मला तेव्हा त्याचा राग आला. साधं 'येतो' म्हणून यायचं, त्यासाठी इंग्लंडला वळसा कशाला? पण काही माणसांना सरळ वाट दिसतच नाही, त्याला काय करणार.

पहिल्या मॅचला चार गोल बसले. दुसरीला तीन. कडूबा ओट्यावर हरभऱ्याचे अकरा दाणे मांडून बसायला लागला. एकदा साजिदभाई मंडपाचं माप घ्यायला आला. फाट्यावर त्याचं मंडप-भांड्यांचं दुकान आहे आणि कडूबाबरोबर त्यानं शेकडो पंगती उठवल्या आहेत. तो उभ्या उभ्या दाणे बघत राहिला.

"कडूबाभाऊ, ये दोघं एकाच जागी कायकू?"

"हा सहा नंबर, मधला. तो तिथंच असतो. अन् दोन नंबर आत येतो."

"मंग एका पातेल्यापाशी दोन वाढपी झाले की. दोघांचे हात एकमेकाला लागणार. एकाला पुढं सरकव."

कडूबानं सहा नंबर पुढं सरकवला. त्या दिवशीची मॅच बरोबरीत सुटली आणि साजिदभाईला माझ्या घरचा चहा मिळाला. दुसरी चूक कडूबाला स्वतःला सापडली, आठवडाभरानं. दोन नंबरच्या पुढे, त्याच उजव्या कडेला, सात नंबरचा विंगर होता, म्हणजे कडेनं चढाई करणारा गडी. त्यालाही कडूबानं मागेच कधीतरी आत घुसायला सांगून ठेवलं होतं, कारण गोल आतून होतात. म्हणजे दोघंही आत आणि अख्खी उजवी बाजू ओसाड. "गुरुजी, मी बी काय येडा माणूस. एकाला उठवलं तर त्या रांगेत दुसरा नको का उभा कराया?" त्यानं सात नंबरला रेघेला चिकटून उभं राहायला सांगितलं. तिकडच्या डाव्या बाजूचा तीन नंबर सारखा पुढे पळायचा, त्याला मागे घरी बसवला. दाणे आता नीट दिसायला लागले, अगदी मला सुद्धा.

तरी जमेना, कारण तिसरी चूक दाण्यांत नव्हती. नवी रीत त्या पोरांच्या अंगवळणी पडायला पाच-सहा मॅच लागतात, असं खेळातच लिहून येतं. ते मीच त्याला वाचून दाखवलं होतं. पण एक गोल बसला की कडूबाचा हात माउसकडे जाणार तो जाणारच. हात असा उठे की त्याच्या मालकालाही कळत नसे. शेवटी एका सकाळी त्यानं वायर उपटून माउस माझ्यापुढे धरला.

"हा तुमच्यापाशी ठेवा. हाफटाइमला द्या, अन् तवा बी माझ्या हाताकडं बघत राहा."

मी माउस सदऱ्याच्या खिशात घातला आणि मेथी निवडायला बसलो. एकोणिसाव्या मिनिटाला गोल बसला. कडूबाचा हात ओट्यावर चाचपडला. "गुरुजी, एकदाच द्या." मी काडी मोडत राहिलो. चौतीस वर्षं पोरांच्या गोट्या आणि भोवरे जप्त केलेत, माउस काय चीज आहे. तो उठला, टाकीला एक चक्कर मारून आला, पुन्हा बसला. दोन नंबर आतच उभा होता. त्याच्याकडे बॉल आला, त्यानं मान वर करून लांब उजवीकडे पास दिला, आणि तिथं रेघेवर सात नंबर एकटा, मोकळा. त्यानं बॉल आत मारला आणि गोल झाला. मग आणखी एक. दोन-एक. कडूबा ओरडला नाही. त्यानं हळूच एवढंच विचारलं, "म्हणजे तो कडेचा खरंच थांबला व्हता तिथं?"

तीन मॅच लगातार व्हायला अख्खा चैत्र गेला. दोन झाल्या की तिसरी हरायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी. त्या दिवसांत कडूबा हळूहळू पंगतीबद्दल बोलायला लागला. कडेची रांग साजिदभाईला द्यायची, उशिराच्या लोकांसाठी बुंदीची एक बादली वेगळी झाकून ठेवायची. तिसरी मॅच जिंकली त्या दिवशी त्यानं लेकीला फोन लावला. "झाल्या तीन." ती म्हणाली, "फोटो पाठवा." तो फोटो मी काढला. त्यात अर्ध्याहून जास्त माझा अंगठा आहे.

लग्न वैशाखात लागलं, भर दुपारी. मंगलाष्टकाला कडूबा लेकीच्या मागे उभा होता. हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले, अक्षता टाकतानाही कान भट्टीकडे. पण हलला नाही. मी उषाबाईकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. पंगती साजिदभाईनं झकास उठवल्या. साडेचारला गाडी सजून उभी राहिली आणि पोरीची ओटी भरायला घेतली.

तेवढ्यात नवऱ्याकडच्या दोन जीपा आल्या. ही मंडळी वाटेत जांब समर्थला दर्शनाला थांबली होती आणि गर्दीत अडकली. पंधरा-वीस माणसं, तोंडं उन्हानं काळवंडलेली. ती थेट कनातीच्या रांगेला बसली. आणि नेमकी त्याच वेळी वावटळ उठली. पलीकडच्या बाजूचा मंडप सुटून फडफडायला लागला, साजिदभाई आणि त्याची माणसं खांब धरायला पळाली. कडेच्या रांगेला कोणी उरलं नाही. नवऱ्याचे चुलते सर्जेराव मांडी घालून बसत म्हणाले, "आम्हाला काई घाई न्हाई. पण गोडाचा घास नवरीच्या बापाच्याच हातचा घिऊ." माणूस वाईट नव्हता. रीत होती, ती तो बोलला.

कडूबा गाडीपाशी होता. त्यानं वळून कनातीकडे पाहिलं, आणि मी त्याच्या हाताकडे. तो चालत गेला, झाकलेली बादली उघडली आणि उचलली. त्या दिवशी जप्त करून खिशात घालण्यासारखं काही नव्हतं. वयानं मोठा म्हणून त्याच्या कानाखाली एक द्यावी असं मला फार वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. तिकडे गाडीत आकांक्षाला बसवत होते.

मी हाक मारणार तोच शालू आली. कधी आली ते मला दिसलं नाही. कडेवरचं लेकरू तिनं भारतकडे दिलं, पदर खोचला आणि बादलीची कडी धरली.

"द्या इकडं बाबा."

"अगं, त्यांना माझ्या हातचं…"

"त्यांचं मी बघते. नवरीची बहीण हाय मी. कड मी धरते, तुम्ही आत जा."

कडूबाची बोटं कडीवरून सुटेनात. दोघांनी ती बादली धरलेली आणि सगळी रांग वर बघत होती. शालू खाली मान घालून, फक्त त्याला ऐकू जाईल असं बोलली. मी शेजारी होतो म्हणून मलाही ऐकू आलं.

"ती गाडीतून मान काढकाढून बघून राह्यली, बाबा. मी बी असंच बघितल्तं."

त्यानं कडी सोडली. त्रेपन्न वर्षांचा, गुडघे दुखणारा माणूस मंडप ओलांडून पळाला. गाडीचं दार लागलं होतं ते आकांक्षानं आतून उघडलं. ती खाली उतरली आणि बापाच्या गळ्यात पडून अशी रडली की ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. इकडे शालू सर्जेरावांच्या पुढे वाकून म्हणत होती, "घ्या मामा, आमच्या घरचं गोड हाय, हात कुणाचा बी असो." सर्जेरावांनी आधी बुंदीकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि पत्रावळ पुढे सरकवली.

गाडी गेली. वावटळ आधीच बसली होती. शेवटच्या पंगतीला घरचीच चार-दोन माणसं उरली होती. शालूनं दिवसभर काही खाल्लं नव्हतं. ती कनातीला टेकून त्याच कडेच्या रांगेत बसली, आणि भारतनं तिच्यापुढे पत्रावळ ठेवली. कडूबा गाडीच्या धुळीनं माखलेला तसाच उभा होता. बादलीत तळाशी थोडी बुंदी होती. तो तिच्याकडे बघेना.

"बाबा," शालू म्हणाली, "भूक लागली. वाढा की."

तो वाकला. त्यानं एक पळी वाढली, मग दुसरी, मग तिसरी. बुंदी पत्रावळीबाहेर सांडायला लागली तरी तो वाढत राहिला, आणि शालूनं हात आडवा धरला नाही.